एका सर्व्हरवर सहा व्हीएम : वाटणी कशी करावी आणि स्नॅपशॉट पुरतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : १६ कोअर, ६४ जीबी रॅम आणि प्रत्येकी २ टीबीच्या दोन एसएसडी असलेला सर्व्हर हाती आलाय. त्यावर एक डेटाबेस, दोन वेब ॲप्लिकेशन, एक विंडोज सर्व्हर आणि चाचणीसाठी दोन मशीन अशा सहा व्हीएम (एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगवेगळे संगणक) चालवायच्या आहेत. हायपरव्हायजर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) कोणता घ्यावा, कोणाला किती द्यावं, आणि स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणीची जपून ठेवलेली स्थिती) असताना वेगळा बॅकअप लागतो का?

पहिला भाग लवकर उरकतो, कारण माझ्या मते तोच सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. लिनक्सची सवय असेल तर केव्हीएम हा हायपरव्हायजर घ्या. २००७ साली आलेल्या २.६.२० या आवृत्तीपासून तो लिनक्स कर्नलचाच (लिनक्सच्या गाभ्याचाच) भाग आहे. प्रॉक्समॉक्समध्ये डेबियन या लिनक्सवर केव्हीएम बसवलेला असतो आणि वर ब्राउझरमधून चालवायचं पॅनेल मिळतं. एका सर्व्हरसाठी मी तेच सुचवेन. सगळं टर्मिनलवरूनच करायचं असेल तर साधं डेबियन आणि लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारी साधनं) पुरे. ब्रॉडकॉमने २०२३ च्या अखेरीस व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेतल्यावर तिच्या ईएसएक्सआय या हायपरव्हायजरची मोफत आवृत्ती २०२४ मध्ये बंद झाली आणि २०२५ मध्ये पुन्हा मिळू लागली. इतक्या धरसोडीच्या भरवशावर नवी उभारणी करू नये.

इन्स्टॉल करण्याआधी बायोसमध्ये व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही (प्रोसेसरमधली व्हीएम चालवण्याची सोय) चालू आहे ना ते बघा. आयपीएमआय किंवा तसं दुसरं रिमोट कन्सोल (सर्व्हरचा पडदा आणि कीबोर्ड दुरून हाताळायची सोय) चालतंय याचीही खात्री करा. नेटवर्क ब्रिजची (व्हीएमना नेटवर्कशी जोडणाऱ्या दुव्याची) सेटिंग दुरून बदलताना एक ओळ चुकली की एसएसएच (दुरून केलेलं लॉगिन) तुटतं आणि मग आत शिरायला तेवढाच रस्ता उरतो.

आता वाटणी. केव्हीएममध्ये प्रत्येक व्हीएम म्हणजे होस्टवरची (मूळ सर्व्हरवरची) एक साधी प्रोसेस असते आणि तिचा प्रत्येक व्हीसीपीयू (आभासी सीपीयू) त्या प्रोसेसचा एक थ्रेड (कामाचा धागा). एवढं पक्कं लक्षात ठेवलं की बाकीचे बरेच निर्णय आपोआप सुटतात. थ्रेड एकमेकांत वेळ वाटून घेतात, म्हणून सीपीयू सढळ हाताने द्यायला हरकत नाही. डेटाबेसला ६, विंडोजला ४, वेबला प्रत्येकी ४ आणि चाचणीच्या मशीनना प्रत्येकी २ दिले की बेरीज २२ होते. १६ कोअरवर २२ व्हीसीपीयू हे अगदी नेहमीचं प्रमाण आहे, कारण सहाही मशीन एकाच क्षणी पूर्ण जोरात क्वचितच चालतात. ताण येतोय का हे गेस्टच्या (व्हीएममधल्या सिस्टीमच्या) आत 'टॉप' ही कमांड चालवून 'एसटी' या रकान्यात दिसतं. गेस्टला सीपीयू हवा होता, पण होस्टने तेव्हा दुसऱ्याला दिला, असा वेळ तिथे मोजला जातो. तो आकडा सतत काही टक्क्यांवर राहिला तर चाचणीच्या मशीनचे व्हीसीपीयू कमी करा.

रॅमच्या बाबतीत असं सढळ राहू नका. होस्टची रॅम संपली की लिनक्सचा ओओएम किलर प्रोसेस मारतो, आणि तो सहसा सर्वांत मोठी निवडतो. तुमच्याकडे सर्वांत मोठी प्रोसेस डेटाबेसची व्हीएम असणार! गेस्टच्या लॉगमध्ये याचा मागमूसही नसतो; वीज गेल्यासारखं मशीन नाहीसं होतं आणि लोक डेटाबेसमध्ये दोष शोधत बसतात. खरं कारण होस्टच्या कर्नल लॉगमध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं. म्हणून मी असं वाटेन : होस्टला १२ जीबी, डेटाबेसला १६, विंडोजला १२, वेबला ६-६, चाचणीला ४-४. हे ६० झाले. उरलेले ४ तसेच मोकळे ठेवा. होस्टला १२ जास्त वाटतील, पण झेडएफएस ही फाइलसिस्टीम वापरलीत तर तिचा वाचनाचा कॅश रॅममध्येच राहतो. लिनक्सवर त्याची कमाल मर्यादा बरीच वर्षं निम्म्या रॅमइतकी होती, प्रॉक्समॉक्स ८.१ पासूनचा इन्स्टॉलर ती १० टक्क्यांवर ठेवतो. जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड करत आलेल्या सर्व्हरवर हा आकडा स्वतः तपासावा. बलूनिंगची (गरजेप्रमाणे व्हीएमची रॅम कमी-जास्त करण्याची) सोय आहे, पण डेटाबेसच्या मशीनवर ती बंदच ठेवा.

खरा घोळ डिस्कपाशी होतो. दोन्ही एसएसडींचा मिरर (दोन्हींवर तोच डेटा) करा, म्हणजे वापरायला सुमारे १.८ टीबी दिसेल. थिन प्रोव्हिजनिंगमुळे सहा मशीनना प्रत्येकी ५०० जीबी 'देता' येतात आणि कोणी अडवत नाही, कारण जागा लिहिली जाईल तशीच व्यापली जाते. एके ठिकाणी मी याचा शेवट पाहिलाय. चाचणीच्या एका मशीनवर डीबग लॉग चालू राहिला होता, त्याने पूल (सगळ्या व्हीएमची सामायिक डिस्क-जागा) भरला, आणि पाठोपाठ इतर मशीनही थांबली. पॅनेलमध्ये त्यांच्यापुढे 'आयओ-एरर' आणि आत शिरावं तर पिंगलाही उत्तर नाही. लिहायला जागा न मिळाल्यामुळे क्यूईएमयूने (केव्हीएमसोबत व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामने) मशीन गोठवली होती. जागा मोकळी केल्यावर ती पुन्हा चालू झाली. पण लॉग वाढवणारं मशीन आणि बंद पडलेली मशीन यांचा संबंध कोणाच्या चटकन लक्षात येत नव्हता.

यावर उपाय असे : पूल ८० टक्के भरला की इशारा येईल अशी सोय पहिल्याच दिवशी करा. व्हीएमच्या डिस्कवर 'डिस्कार्ड' चालू करा आणि लिनक्स गेस्टमध्ये 'एफएसट्रिम'चा (मोकळी झालेली जागा होस्टला कळवणारा) टायमर चालू आहे ना ते बघा. नाहीतर गेस्टमध्ये फाइल खोडल्या तरी होस्टवर जागा परत मिळत नाही.

डेटाबेससाठी आणखी एक बाब. प्रत्येक ट्रान्झॅक्शन पक्कं करताना तो डिस्कला 'हे खरोखर लिहिलंस ना?' असं विचारून थांबतो. वीज गेली तरी कॅशमधलं लिहून पूर्ण करता यावं म्हणून आत कपॅसिटर असलेल्या एसएसडी इथे झटकन उत्तर देतात. घरगुती वापराच्या बऱ्याच एसएसडी मात्र इथेच हळू पडतात. ती गती भरून काढण्यासाठी डिस्क कॅश 'अनसेफ'वर टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्या सेटिंगमध्ये गेस्टची ही विचारणा सरळ दुर्लक्षित केली जाते.

डिस्क आणि नेटवर्क दोन्हींना व्हर्टआयओ (व्हीएमसाठीच बनवलेली आभासी उपकरणं) निवडा. विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर नसल्यामुळे ती बसवताना डिस्कची यादी रिकामी दिसेल, घाबरू नका. व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ (सीडीची फाइलरूपी प्रत) दुसऱ्या सीडी ड्राइव्हवर जोडा आणि 'लोड ड्रायव्हर'मधून तो दिला की डिस्क दिसते. क्लोन काढण्यासाठी टेम्प्लेट (नमुना मशीन) बनवणार असाल तर त्याआधी मशीन-आयडी (गेस्टची ओळख सांगणारा क्रमांक) रिकामा करा आणि एसएसएचच्या होस्ट की काढून टाका. मशीन-आयडी सारखाच राहिला तर दोन क्लोन डीएचसीपीकडून (आयपी वाटणाऱ्या सेवेकडून) एकच आयपी घेऊ शकतात.

आता स्नॅपशॉट. बॅकअप लागतोच. स्नॅपशॉट मशीनच्याच पूलवर राहतो, म्हणजे पूल गेला की दोन्ही गेले. अपडेटच्या आधी काढावा, सगळं ठीक आहे असं दिसलं की त्याच दिवशी पुसावा. ठेवून दिलेला स्नॅपशॉट जुने ब्लॉक धरून ठेवतो आणि पूल भरायला हातभार लावतो. बॅकअप मात्र वेगळ्या मशीनवर जायला हवा. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर बदललेले भागच पाठवतो, त्यामुळे रोज रात्री घेणं परवडतं. गेस्टमध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट बसवा, म्हणजे बॅकअपच्या क्षणी फाइलसिस्टीम थोडा वेळ स्थिर केली जाते. डेटाबेसचा स्वतःचा डंप (डेटाची फाइलमध्ये काढलेली प्रत) तरीही वेगळा घ्या. एखादं टेबल चुकून पुसलं गेलं तर त्यासाठी अख्खं मशीन मागे नेणं कोणालाच नको असतं.

आणि रिस्टोअर करून बघा, मशीन लोकांच्या वापरात देण्याआधीच. नव्या व्हीएम आयडीवर रिस्टोअर करा आणि चालू करण्यापूर्वी त्याचं नेटवर्क तोडून ठेवा, नाहीतर एकाच आयपीची दोन मशीन एकमेकांशी भांडतील. आत लॉगिन करा, डेटाबेस उघडा, शेवटची नोंद कधीची आहे ते पाहा आणि सगळ्याला किती वेळ लागला ते लिहून ठेवा.

एसएसडींचं नेमकं मॉडेल कळवलंत तर झेडएफएस घ्यावं की मिररवर एलव्हीएम-थिन (लिनक्सची डिस्क वाटण्याची दुसरी पद्धत), हेही सांगता येईल. त्या घरगुती वापराच्या असतील तर माझा कल एलव्हीएमकडे राहील.