लेट नाइट बघतोस त्याची लाज कशाला वाटते तुला?

प्रिय मित्रा,

तुझा मेल दोनदा वाचला. आधी कामाचं सगळं नीट लिहिलंयस आणि मग शेवटी एकदम चोरी कबूल केल्यासारखं लिहिलंयस की रोज रात्री, कधीकधी चित्र अर्धं टाकून, दीड-दोन तास अमेरिकेतले कॉमेडी आणि लेट नाइटचे (रात्री उशिराचे गप्पांचे) शो बघत बसतोस आणि हे आता बंद करायला पाहिजे ना ताई. नको करूस बंद. मी वीसेक वर्षं एकटीने घरी बसून चित्रं काढतेय आणि त्यातल्या बहुतेक रात्री ह्याच लोकांच्या सोबतीने काढल्यात, सोबत हा शब्द मी अगदी खरा म्हणून वापरतेय. फ्रीलान्समध्ये दिवसच्या दिवस असे जातात की क्लायंटच्या दोन मेल सोडल्या तर कुणाशी धड एक वाक्य बोलणं झालेलं नसतं, आणि मग रात्री कुणीतरी टेबलामागे बसून आज काय काय झालं ते तुला एकट्याला सांगितल्यासारखं सांगतो, ह्याची गरज वाटण्यात चुकीचं काही नाही. त्या शोची जागाच ती आहे. 'द टुनाइट शो' १९५४ साली सुरू झाला, स्टीव्ह ॲलन होस्ट होता, आणि तेव्हापासून टेबल, सोफा, बँड, सुरुवातीचा मोनोलॉग (होस्टने एकट्याने केलेली विनोदी बडबड) हे सगळं जवळपास तसंच चालत आलंय कारण झोपायच्या आधी माणसाला नवीन काही नको असतं, ओळखीचं काहीतरी हवं असतं.

पण मला तुला सांगायचंय ते वेगळंच आहे. तुझा प्रॉब्लेम शो बघण्यात नाहीये, तू चित्र सोडत नाहीस ह्यात आहे. तूच लिहिलंयस की ते पोस्टर तीन आठवडे झाले तरी अजून "थोडं बाकी आहे". एकटं काम करणाऱ्याला हा आजार होतोच, कारण "झालं, आता उठ" असं म्हणायला शेजारी कुणी नसतं. आणि ह्यावर मला जे औषध सापडलं ते आर्टच्या कुठल्या कोर्समध्ये नाही तर ह्या शोमध्येच सापडलं.

'सॅटर्डे नाइट लाइव्ह' ह्या दर शनिवारच्या थेट कॉमेडी शोचा आठवडा कसा असतो माहितीये का तुला? ११ ऑक्टोबर १९७५ ला पहिला एपिसोड झाला आणि अजून साधारण तीच पद्धत आहे. सोमवारी त्या आठवड्याच्या होस्टसमोर आयडिया सांगायच्या, मंगळवारी रात्रभर जागून लिहायचं, बुधवारी सगळे एका टेबलाभोवती बसून चाळीसेक स्केच, म्हणजे छोटी विनोदी नाटुकली, मोठ्याने वाचतात आणि त्यातली मूठभरच निवडली जातात. मग सेट बांधायचे, कपडे शिवायचे, आणि शनिवारी रात्री आठला प्रेक्षकांसमोर पूर्ण ड्रेस रिहर्सल, आणि गंमत म्हणजे ती रिहर्सल शोपेक्षा लांब असते, म्हणजे सेट उभा आहे, विग चढलाय, पाठांतर झालंय, लोक हसलेसुद्धा, तरी शेवटच्या तासाभरात काही स्केच काढून टाकतात. आणि साडेअकराला लाइव्ह. शोचा निर्माता लॉर्न मायकल्सचं ह्यावरचं म्हणणं प्रसिद्ध आहे, शो तयार झाला म्हणून सुरू होत नाही, साडेअकरा वाजले म्हणून सुरू होतो. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली पेन्सिल खाली ठेवली होती. तुझ्या पोस्टरला साडेअकरा कधी वाजणार ते तुलाच ठरवावं लागेल, आणि तारीख क्लायंटने दिलेल्या डेडलाइनच्या अलीकडची असू दे.

माझं स्वतःचं सांगते. २००७ च्या शेवटी माझ्याकडे एका पुस्तकाच्या कव्हरचं काम होतं, मी ते पाच आठवडे दुरुस्त करत बसले, चेहरा बदल, परत तोच चेहरा आण, आकाशाचा रंग बदल, आणि एक दिवस प्रकाशकांचा दोन ओळींचा निरोप आला की काम दुसऱ्याला दिलंय. चूक माझीच होती पण लागलं खूप. त्याच थंडीत अमेरिकेत टीव्ही लेखकांचा संप चालू होता, ५ नोव्हेंबरपासून १२ फेब्रुवारीपर्यंत, शंभर दिवस, आणि सगळे लेट नाइट शो एकदम बंद पडले कारण रोजचे जोक लिहिणारेच बाहेर उभे. त्यातलाच एक होस्ट कोनन ओब्रायनने तेव्हा लेखक नसलेल्या स्टाफचे पगार स्वतःच्या खिशातून दिले. आणि जानेवारीत तो दाढी वाढवून परत ऑन एअर आला, लेखक नाहीत, लिहिलेलं काही नाही, तासभर भरून काढायचाय, तर त्याने बोटातली लग्नाची अंगठी काढली आणि टेबलावर भोवऱ्यासारखी फिरवली, किती सेकंद फिरते ते बघायला घड्याळ लावलं. बास. पूर्ण देशासमोर एक माणूस अंगठी फिरवतोय आणि लोक श्वास रोखून बघतायत. ती क्लिप मी किती वेळा बघितली असेल! मी पाच आठवडे परफेक्ट आकाश शोधत होते आणि इथे हाताशी आहे तेवढ्यावर हा माणूस कार्यक्रम उभा करत होता. पुढचं काम मी सहा दिवसांत दिलं आणि ते त्या कव्हरपेक्षा चांगलं होतं.

कोननचंच अजून एक, तुला उपयोगी पडेल म्हणून. १३ सप्टेंबर १९९३ ला त्याने 'लेट नाइट' नावाच्या शोमध्ये डेव्हिड लेटरमनची जागा घेतली तेव्हा तो 'सिम्प्सन्स' ह्या कार्टून मालिकेचा एक लेखक होता, कॅमेऱ्यासमोर त्याला कुणी ओळखत नव्हतं, समीक्षकांनी अक्षरशः सोलून काढलं आणि चॅनल एका वेळी तेरा-तेरा आठवड्यांचीच मुदतवाढ देत होतं. म्हणजे तू आणि मी जसे एकेका प्रोजेक्टवर जगतो अगदी तसंच, पुढच्या तिमाहीत काम असेल की नाही माहीत नाही. तो शो त्याने २००९ पर्यंत केला. पहिल्या वर्षीचे एपिसोड बघ, घाबरलेला दिसतो, खांदे वर चढलेले, हात कुठे ठेवायचे कळत नाहीये. नंतरच्या वर्षांतलं तेच शरीर बघ. अंगात आत्मविश्वास कसा येत जातो ह्याचं एवढं चांगलं रेफरन्स मटेरियल विकत मिळणार नाही.

आता ड्रॉइंगबद्दल. बोलणाऱ्याकडे बघू नकोस, ऐकणाऱ्याकडे बघ. जॉनी कार्सन १९६२ पासून १९९२ पर्यंत तीस वर्षं 'टुनाइट शो'च्या होस्टच्या खुर्चीत होता आणि त्याचे जोक पडायचे तेव्हा लोक जास्त हसायचे, कारण जोक पडल्यावर तो फक्त बघायचा, मान किंचित वळवून, टायशी चाळा करत. ते सगळं चित्र आहे, शब्द नाहीतच त्यात. कार्सनने कॉलेजमध्ये असताना, १९४९ साली, रेडिओवरच्या कॉमेडियन लोकांचे तुकडे टेप करून ते जोक कसे बांधतात ह्यावर प्रबंध केला होता, म्हणजे त्या एवढ्याशा मान वळवण्यामागे आधी किती ऐकणं आहे ते बघ. मी काय करते, आवाज बंद करते आणि पाहुणा गोष्ट सांगत असताना होस्टचे पाच-पाच सेकंदांचे स्केच काढते. खोटं हसू कुठे आहे, कंटाळा कुठे लपवलाय, खरं हसू फुटताना डोळ्यांखालची कातडी कशी वर सरकते, सगळं दिसायला लागतं. सिटकॉम, म्हणजे विनोदी मालिका, बघताना सेटवरचा प्रकाश पण बघ. १९५१ साली 'आय लव्ह लूसी' प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर शूट करायचं ठरलं तेव्हा तिन्ही बाजूंनी चालेल असा सपाट, वरून येणारा प्रकाश कॅमेरामन कार्ल फ्रॉइंडने बसवला, आणि सिटकॉम म्हटलं की आपल्याला जो लख्ख उजेड आठवतो त्याची मुळं तिथे आहेत.

आणि तू जे विचारलंस ना की चित्रकाराला टीव्हीत कुठे जागा आहे, अरे खूप आहे. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये होस्टचे जे फोटो ब्रेकच्या आधी-नंतर दिसतात, सुरुवातीच्या वर्षांत ते ईडी बास्किन नावाची फोटोग्राफर काढायची आणि हाताने रंगवायची, ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटवर रंग चढवून. दोन-तीन सेकंद दिसणार आणि गेलं, तरी एकेक किती जीव ओतून केलेला आहे. त्याच शोचे क्यू कार्डसुद्धा, म्हणजे कलाकारांना ओळी वाचायला समोर धरतात ते, अजून हाताने लिहितात, मोठ्या बोर्डवर जाड मार्करने, आणि शेवटच्या क्षणी ओळ बदलली की कार्डही बदलायचं. ही अक्षरं नीट बघ कधीतरी, लेटरिंगचा धडा आहे. 'सिम्प्सन्स'वाल्या मॅट ग्रोनिंगचं तर तुला माहीत असेलच, १९८७ मध्ये 'ट्रेसी उलमन शो'साठी सिम्प्सन कुटुंबाची कच्ची स्केचेस दिली, ॲनिमेटर ती साफ करून घेतील असं त्याला वाटलं होतं, त्यांनी तशीच्या तशी ट्रेस केली! तुझं "अजून थोडं बाकी आहे" म्हणून ठेवलेल्या पोस्टरबद्दल वाचताना मला तेच आठवलं.

फक्त दोन गोष्टी सांभाळ. कंपोझिशन ठरवताना, थंबनेल (छोटे कच्चे आराखडे) काढताना शो बंद म्हणजे बंद, कारण तेव्हा डोकं पूर्ण लागतं आणि हसताना घेतलेला निर्णय सकाळी पुसावा लागतो. इंकिंग (पेन्सिलीच्या रेषांवर शाई फिरवणं), फ्लॅट रंग भरणं, कडा साफ करणं ह्या वेळी लाव खुशाल, पण आधी बघितलेलं लाव म्हणजे मान सारखी वर जाणार नाही. दुसरं, नुसत्या क्लिपवर राहू नकोस. क्लिपमध्ये फक्त जिंकलेले क्षण असतात, पूर्ण एपिसोड बघितलास की पडलेले जोक, रंगत नसलेला पाहुणा, घाईघाईत गुंडाळलेलं स्केच हे पण दिसतं, आणि उद्या परत तेच लोक त्याच जागी उभे असतात हे दिसतं. तुला ते बघण्याची जास्त गरज आहे. हो, आणि काही रात्री स्केचबुक बाजूला ठेवून नुसतं हस, प्रत्येक गोष्टीतून काम काढायचं नसतं.

२०२५ च्या जुलैमध्ये जाहीर झालं की स्टीफन कोल्बेअरचा 'लेट शो' मे २०२६ ला बंद करणार, तेव्हा मी खरंच रडले. १९९३ ला लेटरमनने सुरू केलेला शो तो. म्हणून म्हणते, जे चालू आहे ते चालू असेपर्यंत मनापासून बघ, लपूनछपून नको.

पोस्टर शुक्रवारी रात्री साडेअकराला मला पाठव. जसं असेल तसं. मी जागी असते.

तुझी,
ताई