परभणीहून पुण्यात आलोय, मुलाखतींआधी बोलण्यातला मराठवाडी हेल घालवता येईल का?

पूर्ण जाणार नाही, आणि मुलाखतीसाठी तो घालवायची गरजही नाही. क्रियापदांची रूपं आणि दोन-चार शब्द तेवढे बदला. मी मुलांकडून मुलाखतींची तयारी करून घेतो, त्यात समोरच्याला अडतं ते बहुतेक इथंच:

- ‘करायलोय’ऐवजी ‘करतोय’
- ‘गेलतो’ऐवजी ‘गेलो होतो’
- ‘कामून’ऐवजी ‘का’

ही रूपं सरावानं लवकर बसतात. ‘पानी’चं ‘पाणी’ व्हायला जरा वेळ लागतो. रोज थोडं मोठ्यानं वाचा आणि स्वतःचं रेकॉर्डिंग ऐका. हेल मात्र लहानपणीच जिभेत मुरलेला असतो. तो जोर लावून दाबायला गेलं की निम्मं लक्ष उच्चारात अडकतं, उत्तर तुटतं, आणि ते हेलापेक्षा कितीतरी जास्त नडतं. कुणी ‘अशुद्ध’ म्हणालं तर मनावर घेऊ नका. संत जनाबाई तुमच्याच जिल्ह्यातल्या, गंगाखेडच्या. वृत्तनिवेदन किंवा डबिंगसारख्या आवाजाच्या कामात जायचं असेल तर गोष्ट वेगळी: तिथं हेलावरही मेहनत घ्यावी लागेल, तीही जाणकाराकडे बसून.