वाचक विचारतात : रोख, क्यूआर आणि गावाचा ठराव

येत्या ग्रामसभेत ‘गाव शंभर टक्के कॅशलेस’ करण्याचा ठराव येतोय. पाठिंबा द्यावा का?
— ग्रामपंचायत सदस्य, नेवासे तालुका

ठरावातले ‘शंभर टक्के’ खोडा, मग जरूर द्या.

नोटाबंदीनंतर तीनच आठवड्यांनी, १ डिसेंबर २०१६ रोजी, मुरबाड तालुक्यातले धसई राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून जाहीर झाले. वडापाववाल्याकडेही कार्ड घासायचे यंत्र आले. पुढे नोटा हाती खेळू लागल्या तसा गावचा बाजार पुन्हा बराचसा रोखीवर गेला. त्यात गावकऱ्यांचा दोष काही नाही. यंत्राला चार्जिंग हवे, जोडणी हवी, गिऱ्हाइकाकडे कार्ड हवे आणि त्याला पिन आठवायला हवा. चारातले एक हुकले की वीस रुपयांच्या खरेदीला रांग.

आज क्यूआरचा कागद जवळजवळ फुकट मिळतो आणि बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. सुट्ट्याची कटकट जाते, खोटी नोट गळ्यात पडत नाही, गल्ल्याचा हिशेब आपोआप लिहिला जातो. पण व्यवस्था बंद पडली की सगळ्यांची एकदम पडते. १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय काही तास अडखळले. अडकलेल्या व्यवहारांचे काय झाले, अशी विचारणा काही बँकांच्या यंत्रणा पुन्हा पुन्हा करत राहिल्या आणि त्या भारानेच गाडी आणखी रुतली. गावात तर वीज गेली, टॉवरची बॅटरी उतरली, एवढेही पुरते.

ठरावात घालण्यासारखे काम वेगळेच आहे. घरपट्टी-पाणीपट्टीसाठी क्यूआर लावा, पण तो ग्रामपंचायतीच्या खात्याचा असावा. ग्रामसेवक किंवा शिपायाच्या मोबाइलला जोडलेला मुळीच नको. पैसे भरताना शेऱ्यात नमुना आठमधला (ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीतला) मालमत्ता क्रमांक लिहायला लावा. नाहीतर मार्चअखेर खात्यात रक्कम दिसते, कोणाची ते कळत नाही आणि भरलेल्या माणसाच्या नावावर थकबाकी राहते. रोख भरणाऱ्याची खिडकी चालूच ठेवा.

किराणा दुकान आहे. बंगळुरूत क्यूआरमुळे दुकानदारांना कराच्या नोटिसा आल्या म्हणे. कोड काढून टाकू का?
— दुकानदार, बार्शी

काढून काय होणार? कर विक्रीवर आहे. पैसे कसे आले यावर नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयच्या जमा रकमा पाहून छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा काढल्या, त्यावर अनेकांनी ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. त्या नोटिसांतून आपण शिकायचे ते एवढेच, की खात्यात आलेला प्रत्येक रुपया बाहेरून बघणाऱ्याला विक्रीच वाटतो.

आधी आपला आकडा काढा. महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीवर जीएसटी नोंदणी लागते. सेवा देणाऱ्याला २० लाखांवर. ४० लाख म्हणजे रोजचे साधारण ११ हजार. चौकातले किराणा दुकान तिथे सहज पोचते. आणि इथेच बहुतेकांची गफलत होते : सुटे धान्य, दूध, भाजी यांवर कर नसला तरी त्यांची विक्री या ४० लाखांत धरली जाते. फक्त करमुक्त मालच विकत असाल तर नोंदणी नको. पण साबण-बिस्किटे ठेवली की सगळी बेरीज मोजायची. मर्यादा ओलांडली तरी दीड कोटींपर्यंत कंपोझिशन योजना आहे. व्यापाऱ्याला १ टक्का कर, मात्र तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवरच्या कराची वजावटही मिळत नाही.

दुसरे, दुकानाचा कोड घरच्या बचत खात्याला जोडू नका. मेहुण्याने परत केलेले उसने पैसे, भिशीची रक्कम, भाच्याची फी, सगळे एकाच खात्यात आले की ती विक्री नव्हती हे सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते. मोबाइल रिचार्ज किंवा पैसे पाठवण्याचे काम करत असाल तर त्याला तिसरे खाते उघडा. तिथे तुमचे उत्पन्न म्हणजे फक्त कमिशन. पण दुकानाच्या कोडवर घेतले तर पाच हजारांचा भरणा पाच हजारांची विक्री दिसतो.

क्यूआरचा फायदाही कागदावर आहे. ज्यांना प्राप्तिकरातली अंदाजित नफ्याची योजना लागू होते, त्यांच्या रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरतात, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के. वर्षाला ३० लाख विक्री असेल तर करपात्र नफ्यात ६० हजारांचा फरक.

तोट्याची बाजू भाजीवाल्याला विचारा. गाड्यावर पैसे खात्यात येतात आणि पहाटे आडत्याला रोख मोजावे लागतात. एटीएममधून ठरावीक मोफत वेळा संपल्या की मे २०२५ पासून दर वेळी २३ रुपयांपर्यंत शुल्क. म्हणून रोज थोडेथोडे काढू नका. आठवड्याची गरज एकदम काढा.

आणि गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट कधीच मानू नका. पैसे आल्याचे सांगणारा साउंडबॉक्स बोलला किंवा तुमच्या अॅपमध्ये रक्कम दिसली, तरच माल द्या. रोज सकाळी काउंटरवरच्या कोडवर दुसरे स्टिकर चिकटवलेले नाही ना, हेही बोटाने चाचपून बघा आणि स्वतः स्कॅन करून नाव तपासा.

पैसे कट झाले, समोरच्याला मिळाले नाहीत. किती दिवस थांबायचे?
— निवृत्त शिक्षिका, सांगली

माणसाला पाठवले असतील तर दुसऱ्या दिवसअखेर परत यायला हवेत. दुकानदाराला दिले असतील तर पाच दिवसांत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने न मागता द्यायची असते. प्रत्यक्षात मागावीच लागते.

व्यवहार ‘पेंडिंग’ दिसत असताना पुन्हा पैसे पाठवू नका, दोन्ही पोचू शकतात. व्यवहाराची ओळख असलेला बारा आकडी यूटीआर क्रमांक लिहून ठेवा, अॅपमध्ये त्याच व्यवहारावरून तक्रार नोंदवा, मग बँकेकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, चौकशीसाठी १४४४८. तुम्ही स्वतः चुकीचा क्रमांक टाकला असेल तर मात्र हे नियम लागू नाहीत. तिथे समोरच्याच्या संमतीवर अवलंबून.

आई गावी एकटी, साधा बटणांचा फोन. तिला यूपीआय जमेल का?
— वाचक, पुणे

खात्याला जोडलेल्या सिमवरून *९९# लावून किंवा ‘१२३ पे’च्या क्रमांकावर फोन करून पैसे देता येतात. जमते, पण मेनू ऐकत बसावे लागते. स्मार्टफोन दिलात तर ‘यूपीआय सर्कल’ बघा : खाते तुमचे, पैसे तिने द्यायचे. प्रत्येक वेळी तुमची मंजुरी असा पर्याय आहे, नाहीतर महिन्याला १५ हजारांपर्यंतची मर्यादा घालून मोकळे व्हा. दूधवाला-रिक्षासाठी पिन न लागणारे ‘यूपीआय लाइट’ सोपे. पण त्यातली रक्कम पाकिटातल्या नोटांसारखीच समजा आणि थोडीच ठेवा.

‘पैसे घेण्यासाठी पिन टाका’ असे सांगून १८ हजार नेले. बँक देईल का?
— वाचक, ठाणे

पिन तुम्ही टाकला असेल तर बँक सहसा हात वर करते. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. तरीही पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात अडवली गेली तर मिळायची शक्यता असते. तासातासाने ती खात्यांतून पुढे सरकते, म्हणून आधी फोन, पोलीस ठाणे नंतर.

तुमची काही चूक नसताना, बँकेचीही नसताना, तिसऱ्याच ठिकाणच्या त्रुटीतून पैसे गेले असतील तर गोष्ट वेगळी. बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवले तर जबाबदारी शून्य, असा २०१७ चा नियम आहे. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले तर काही भार तुमच्यावर. म्हणून बँकेचे एसएमएस बंद ठेवू नका आणि तक्रारीचा क्रमांक वेळेसकट घ्या.

घरात रोख किती ठेवावी?
— गृहिणी, चिपळूण

२०२१ चा पूर तुम्ही पाहिला आहे. वीज आणि फोन दोन्ही गेले की क्यूआर भिंतीवरचा कागद. रोखीचा वापर फार कमी झालेल्या स्वीडनचे सरकारही २०२४ पासून नागरिकांना आठवडाभर पुरेल इतकी रोख, वेगवेगळ्या मूल्यांत, जवळ ठेवायला सांगते. तुमच्या घरचा आठवड्याचा किराणा, दूध, औषधे आणि एक रिक्षाफेरी धरा. त्यातल्या निम्म्या नोटा १००च्या आणि त्याखालच्या ठेवा, कारण पुरात ५००ची नोट मोडायला कोणी तयार नसते. आणि पिशवी प्लास्टिकची, माळ्यावर.