वाचकांचे प्रश्न : एका किकने गेलेला कप

प्रश्न : इंग्लंडमधील रग्बी लीगच्या १९६८ च्या चॅलेंज कप अंतिम सामन्यात वेकफिल्ड संघाने दोन ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवणे) केले, लीड्सने एकच. तरी लीड्स ११-१० ने कसे जिंकले?

उत्तर : तेव्हा रग्बी लीगमध्ये ट्रायला ३ आणि गोलला, म्हणजे खांबांमधून मारलेल्या किकला, २ गुण होते. लीड्सचा एक ट्राय आणि बेव्ह रिस्मनचे ४ गोल, म्हणजे ३ + ८. वेकफिल्डचे २ ट्राय, २ गोल : ६ + ४.

शेवटच्या मिनिटाला वेकफिल्डच्या केन हर्स्टने खांबांच्या मधोमध ट्राय केला. कन्व्हर्जनची, म्हणजे ट्रायनंतर मिळणारी गोलची, किक ट्राय झालेल्या जागेच्या सरळ रेषेत मागे येऊन मारायची असते, म्हणजे त्याचाच सहकारी डॉन फॉक्सला अगदी समोरून मारायची होती. जमली असती तर वेकफिल्ड १२-११ ने जिंकले असते. पण वेम्बलीचे मैदान पावसाने तुडुंब भिजलेले. तेव्हा चेंडू बुटाच्या टोकाने मारत. त्यात पायाचा स्पर्श जेमतेम, आणि टेकलेला पाय जरा घसरला तरी दिशा बिघडते. तसेच झाले, किक खांबांबाहेर गेली. गंमत म्हणजे सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून लान्स टॉड ट्रॉफी आधीच फॉक्सच्या नावे ठरली होती!

प्रश्न : आजच्या नियमांनी निकाल बदलला असता का?

उत्तर : हो. आता ट्रायला ४ गुण. किक चुकूनही १२-१२ झाले असते आणि सामना गोल्डन पॉइंटवर गेला असता : जो पहिला गुण घेईल तो विजेता. २०२३ च्या अंतिम सामन्यात ली (Leigh) संघाने हल केआर संघाला असेच १७-१६ हरवले, लॅकलन लॅमच्या एका गुणाच्या ड्रॉप गोलवर (हातातला चेंडू जमिनीवर टाकून उसळताच खांबांमधून मारलेली किक).