शेवटच्या सेमिस्टरमधल्या विद्यार्थिनीस : ओपीटीच्या तारखा

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

मास्टर्सचं शेवटचं सेमिस्टर लागलं की सगळे रेझ्युमे आणि इंटरव्ह्यूंच्या मागे धावतात. तूही धाव. पण अमेरिकेच्या एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असताना नोकरी महिनाभर उशिरा मिळाली तरी निभावतं. ओपीटीच्या, म्हणजे पदवीच्या विषयात काम करण्याच्या परवानगीच्या, अर्जाची मुदत गेली तर मात्र त्या पदवीवरचे कामाचे १२ महिने कायमचे गेले. म्हणून आधी कॅलेंडर उघड.

विद्यापीठाने दिलेल्या तुझ्या आय-२० या कागदावर प्रोग्रॅम एंड डेट (अभ्यासक्रम संपण्याची तारीख) छापलेली आहे. पदवीदान समारंभाची तारीख विसर, सगळा हिशोब या एका तारखेवरून होतो. ती १५ मे २०२७ आहे असं धरू. अर्ज तिच्या ९० दिवस आधीपासून, म्हणजे १४ फेब्रुवारीपासून करता येतो आणि नंतर ६० दिवसांपर्यंत, म्हणजे १४ जुलैपर्यंत. या मुदतीत तो यूएससीआयएसला (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला) मिळालेला असावा लागतो, नुसता पोस्टात टाकून भागत नाही. शेवटच्या तारखेची वाट पाहू नकोस. कामाच्या परवान्याचं कार्ड हातात यायला दोन-तीन महिने सहज लागू शकतात, आणि १२ महिन्यांचं ओपीटी पदवीनंतरच्या १४ महिन्यांत संपवावं लागतं. कार्ड उशिरा आलं तर तेवढे दिवस तुझ्याच वर्षातून कापले जातात.

अर्ज थेट करायचा नसतो. आधी विद्यापीठाच्या डीएसओकडे (परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे) विनंती करायची. ते सेविस या सरकारी नोंदप्रणालीत शिफारस नोंदवतात आणि नवा आय-२० देतात. त्या नोंदीपासून ३० दिवसांच्या आत आय-७६५, म्हणजे ओपीटीचा अर्ज, गेला पाहिजे. इथे होणारी चूक अगदी साधी असते : आय-२० आला, परीक्षा जवळ आली, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत ३० दिवस उलटले. मग त्या आय-२० वर केलेला अर्ज नाकारला जातो. दुसरी चूक जुनाच आय-२० अपलोड करण्याची. दोन्ही फाइलींची नावं सारखीच असतात, म्हणून अपलोडआधी फाइल उघडून दुसरं पान पाहा. तिथे ओपीटीची नोंद आणि तू मागितलेल्या तारखा दिसल्या पाहिजेत. पहिल्या पानावर तुझी सही हवी.

अर्ज ऑनलाइनच कर, पावती लगेच मिळते. कागदी अर्जात सही राहिली किंवा फी चुकली तर पाकीट परत येतं आणि त्यात मुदत निघून जाते. फी बदलत असते, म्हणून भरायच्या दिवशीचीच रक्कम पाहा. पदवीनंतरच्या ओपीटीचा वर्ग सी-३-बी. सी-३-ए पदवीआधीचा आणि सी-३-सी स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांच्या मुदतवाढीचा, ते निवडू नकोस. फोटो २ बाय २ इंचाचा, नुकताच काढलेला. शिवाय पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) आणि आधी पूर्णवेळ सीपीटी (शिकत असतानाच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेलं काम) केलं असेल तर त्याचे आय-२० जोड. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झालं असेल तर त्या पातळीवर ओपीटी मिळतच नाही. आणि नाव! आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर आहे तसंच, एकही अक्षर न गाळता फॉर्ममध्ये लिही.

आता ओपीटी कधी सुरू करायचं ते. १६ मे ते १४ जुलै यांतला कोणताही दिवस मागता येतो. ऑफर हातात असेल तर रुजू होण्याचा दिवस धर. नसेल तर तारीख मुद्दाम पुढची घे, कारण कार्डावरच्या पहिल्या दिवसापासून बेकारीचे दिवस मोजले जातात आणि सगळे मिळून ९० च परवानगीचे असतात. शनिवार-रविवारसुद्धा त्यात धरतात. आणि कार्ड हातात आलं तरी त्यावरच्या तारखेआधी एक दिवसही काम करायचं नाही.

ऐंशीवा दिवस उजाडला की घरच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते डोळ्यांपुढे येतात. नेमकं तेव्हाच कोणीतरी सांगतं, ‘अमुक कन्सल्टन्सी पैसे घेऊन कागदावर नोकरी दाखवते.’ त्या वाटेला अजिबात जाऊ नकोस. पुढे एच-१बी किंवा व्हिसाच्या वेळी ते नाव फाइलमध्ये निघालं तर खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो आणि तो पुसता येत नाही. त्यापेक्षा आपल्या विषयातलं आठवड्याला किमान २० तासांचं काम शोध. पहिल्या १२ महिन्यांत ते बिनपगारीही चालतं, फक्त कामगार कायद्यात बसणारं हवं. तासांची नोंद आणि वरिष्ठांचं पत्र जपून ठेव. स्टेम मुदतवाढीत मात्र बिनपगारी काम चालत नाही.

त्या २४ महिन्यांच्या मुदतवाढीची तयारी पहिली ऑफर घेतानाच कर. कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासण्याच्या सरकारी प्रणालीत) आहे का, हे एचआरला सरळ विचार. तुझ्या पदवीचा सीआयपी कोड (अभ्यासशाखेचा ठरलेला क्रमांक) स्टेमच्या यादीत आहे का, तेही पाहा. अभ्यासक्रमाच्या नावावरून ते कळत नाही. पुढे कंपनीसोबत आय-९८३ हा प्रशिक्षणाच्या आराखड्याचा फॉर्म भरायचा, डीएसओची शिफारस घ्यायची आणि तिच्यापासून ६० दिवसांत, कार्ड संपण्याआधी अर्ज करायचा. अर्ज वेळेत गेला असेल तर निकाल येईपर्यंत जास्तीत जास्त १८० दिवस काम चालू ठेवता येतं.

घर बदललंस तर १० दिवसांत डीएसओला कळव, नोकरी बदललीस तरीही. कार्ड पोस्टाने येतं. चौघींच्या अपार्टमेंटमध्ये पोस्टपेटीवर तुझं नाव नसेल तर पाकीट परत जाऊ शकतं, म्हणून एका चिठ्ठीवर नाव लिहून ती आतून चिकटव.

पहिली पे-स्लिप आली की सोशल सिक्युरिटीचे ६.२ आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के कर म्हणून कापलेत का ते पाहा. एफ-१ वर साधारणपणे पहिली ५ कॅलेंडर वर्षं ते लागू नसतात. कापले असतील तर आधी पेरोलकडे परत माग. त्यांनी नाही दिले, तर आयआरएसकडे (अमेरिकेच्या कर खात्याकडे) फॉर्म ८४३ भरून मागता येतात.

तुझा हितचिंतक