स्कोपखालची पाचर

प्रश्न : माझ्याकडे .१७७ ची ब्रेक-बॅरल एअर रायफल आहे. मुळशीकडे आमच्या शेतावर उंच मातीच्या बांधासमोर २५ मीटरवरून नेमबाजी करतो. स्कोपचा उंचीचा नॉब मध्यावर ठेवला तर छर्रे नेमाच्या २२ सेंटीमीटर खाली लागतात. नॉब पार टोकाला नेला की कसेबसे वर येतात. म्हणून उतरता बेस, म्हणजे स्कोपखाली बसणारी तिरकी पट्टी, घरीच करायचं ठरवलंय. माझ्या हिशेबाने ३४.६ मिनिटांचा कोन येतो (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). पट्टी ११० मिलिमीटर लांब आहे. कुठल्या टोकाला किती जाड ठेवू?
– एक वाचक, धायरी

उत्तर : नॉब मध्यावर आणून मग मोजलंत, त्याबद्दल आधी शाबासकी. बहुतेक जण नॉब टोकाला असतानाच 'अजून चार बोटं खाली लागतंय' म्हणून पत्र पाठवतात, आणि त्यावरून काहीच सांगता येत नाही.

तुमचे ३४.६ कुठून आले तेही लक्षात आलं. 'एक मिनिट म्हणजे शंभरावर एक इंच' हे पाठ केलेलं गणित तुम्ही मीटरला लावलंत. ते शंभर यार्डांचं आहे, तिथेही नेमकं १.०४७ इंच, आणि शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. कोनाचं एक मिनिट शंभर मीटरवर २९.१ मिलिमीटर होतं, तुमच्या २५ मीटरवर ७.२७. आता २२० ला ७.२७ ने भागा : ३०.३ मिनिटं. चारेक मिनिटांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण पट्टीवर तो ०.१४ मिलिमीटर होतो. भोसरीच्या टूलरूममध्ये मी ३१ वर्षं काढली. ०.१४ चुकलेला जॉब तिथे सरळ भंगारात जायचा.

पण मला विचाराल तर मिनिटं मध्ये आणायचीच कशाला? छर्रा २५,००० मिलिमीटरवर २२० मिलिमीटर खाली गेला. भागाकार ०.००८८. हाच तुमचा उतार. पट्टीच्या ११० ला त्याने गुणा, ०.९७ मिलिमीटर. झालं. आठवीतले समरूप त्रिकोण, दुसरं काही नाही. इतक्या लहान कोनाला साईन घ्या, टॅन घ्या, नाही तर नुसता भागाकार करा, उत्तर तेच. शिवाय नळी किती झुकली आहे, गुरुत्वाकर्षणाने छर्रा किती पडला, स्कोप नळीच्या किती वर बसलाय, हे सगळं त्या २२ सेंटीमीटरमध्ये आलेलंच आहे. वेगळं काही मिळवू नका. फक्त पाच छर्रे मारून त्यांच्या मध्यापासून मोजलंय ना, ते बघा. एका छर्र्यावर हिशेब मांडू नये.

जाड टोक मागे, तुमच्या डोळ्याकडे. स्कोप किंचित खाली बघायला लागला की निशाण धरताना नळीचं तोंड आपोआप वर येतं. वाचताना सोपं वाटतं, म्हणून माझी फजिती सांगतो. मित्राच्या रायफलची पट्टी मिलिंगला लावताना मी मार्करने एका टोकावर 'पुढे' लिहिलं होतं. कूलंटने ते पुसून टाकलं. मी अंदाजाने उलटी धरली आणि उतार अगदी सुरेख काढला, उलट्या बाजूला! रविवारी छर्रे पूर्वीच्या दुप्पट खाली. त्या दिवसापासून जाड ठेवायच्या टोकावर पंचाने टिंब मारतो.

आता ०.९७ चा पूर्ण उतार एकदम काढू नका. पहिल्या खेपेला ०.८० वर थांबा. तो होतो २५ मिनिटांचा, उरलेली पाचेक मिनिटं नॉब भरून काढेल. पाव मिनिटाच्या क्लिकने २१ क्लिक, काही जास्त नाही. पुढचं टोक आणखी उतरवून उतार कधीही वाढवता येतो, उतरवलेलं ॲल्युमिनियम परत चिकटत नाही. नॉब टोकापासून दूर राहावा हाच तर या खटाटोपाचा हेतू आहे. वरच्या टोकाला आतली स्प्रिंग सैल पडते आणि स्प्रिंगवाल्या रायफलीच्या धक्क्याने नेम रोज वेगळा लागतो.

करताना आधी खालची बाजू, म्हणजे रायफलच्या ११ मिलिमीटरच्या डव्हटेलवर (बेस धरणाऱ्या खाचांच्या पट्टीवर) बसणारी, पूर्ण संपवा. मग तोच पाया धरून वरचा उतार काढा. १०० मिलिमीटरचा साईन बार (दोन रोलरांवर टेकणारी, कोन लावायची पट्टी) असेल तर दोन्ही रोलरांखाली मिळून ०.७२७ चा फरक हवा. इतकी पातळ स्लिप (नेमक्या जाडीचा पोलादी ठोकळा) पेटीत नसते. एका रोलरखाली २.०० ची ठेवा, दुसऱ्याखाली १.००७, १.२२ आणि ०.५० जोडून २.७२७ करा. वजाबाकी बरोबर जमते.

आणि स्प्रिंगची रायफल पुढे-मागे दोन्हीकडे झटका देते, तेव्हा बेसला मागे सरकू न देणारी अडणी पिन विसरू नका. रायफलच्या बॉडीला मात्र ड्रिल लावायचं नाही.

प्रश्न : वरच्यासारखीच अडचण माझीही आहे, पण मिलिंग मशीन नाही. स्कोप धरणाऱ्या दोन रिंगांपैकी मागच्या रिंगखाली कोल्डड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याची शिम, म्हणजे पातळ पट्टी, घातली तर चालेल का?
– एक वाचक, बाणेर

उत्तर : एखादी पातळ पट्टी तात्पुरती चालून जाते, पण मिलिमीटरभर शिम घातलीत तर दोन्ही रिंगा एका रेषेत राहत नाहीत आणि स्क्रू आवळताना स्कोपची नळीच वाकते. नळीवर चंद्रकोरीसारखा ओरखडा उमटला की समजा वाकली. अखंड बेसमध्ये दोन्ही रिंगा मिळून एकाच कोनात कलतात, म्हणून तो बरा.

मशीन नसलं तरी शेजारच्या एमआयडीसीत कुणीतरी मिलिंगवाला असतोच. त्याला कोन सांगू नका, तो कॅल्क्युलेटर शोधत बसेल. '११० वर शून्य ऐंशी, पंच मारलेलं टोक जाड' एवढंच सांगा. तो वाइसमध्ये जॉब धरताना एका टोकाखाली ०.८० चं फिलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांच्या संचातलं) पातं सरकवेल. पातं टोकाच्या अगदी कडेला आहे ना, हे उभं राहून बघा. दहा मिलिमीटर आत सरकलं तर ११० चे १०० होतात आणि उतार २७.५ मिनिटांचा निघतो. तुमच्या पट्टीची लांबी आणि छर्रे किती खाली लागतात ते मात्र तुमचं तुम्ही मोजा. धायरीचे आकडे बाणेरच्या रायफलला लागू नाहीत.

(बालेवाडीच्या रेंजवर १० मीटर एअर रायफलला स्कोप का दिसत नाही, असंही बाणेरच्या वाचकांनी विचारलंय. त्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. भोकातून बघायची डायॉप्टर साईट असते आणि दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा.)