शेवटाला हात लावू नकोस

अगं, तुझा मेल काल रात्री दोनदा वाचला. 'व्हाय मॅरी?' हे नाटक करायचंय, पण शेवटी हेलनचं लग्न होतं ते तुला पटत नाही, म्हणून ते कापून तिला तिच्या प्रियकराबरोबर, अर्नेस्टबरोबर, लग्नाशिवाय तशीच पॅरिसला पाठवायची म्हणतेस. नको. शेवटाला हात लावू नकोस.

पहिल्या प्रयोगाची तारीख बघ ना, २५ डिसेंबर १९१७, न्यूयॉर्कमधलं ब्रॉडवेचं ॲस्टर थिएटर. जेमतेम दीड महिन्यापूर्वी न्यूयॉर्क राज्यात बायकांना मताचा हक्क मिळालाय, देशभर मिळायला १९२० उजाडणार. आणि स्टेजवर लॅबमध्ये काम करणारी ही हेलन म्हणतेय की प्रेम आहे पण लग्न नको. तिला समजावणारे कोण? भाऊ जॉन, ज्याची स्वतःची बायको लूसी घुसमटतेय. धाकटी बहीण जीन प्रेम नसताना श्रीमंत रेक्सला हो म्हणते, ते घराला चालतं! जज्ज असलेल्या एव्हरेट अंकलची बायको तर घटस्फोटासाठी रेनोला गेलीय. विनोद तिथे आहे गं, हेलनच्या टाळीबाज वाक्यांत नाही.

आणि तेच जज्ज हेलन-अर्नेस्ट दोघांकडून सगळ्यांसमोर प्रेमाची कबुली वदवून घेतात आणि जाहीर करतात की झालं तुमचं लग्न. तू लिहितेस, हा हेलनचा पराभव. मग दिसू दे ना! १९१८ला नाटकासाठीचं पहिलंवहिलं पुलित्झर जेसी लिंच विल्यम्सच्या याच नाटकाला मिळालं, ते या शेवटासकट.

मी कापलाय एकदा शेवट. तिशीत होते, एका नाटकातली बायको नवऱ्याकडे परत येते ते मला सोसेना, मी तिला दाराबाहेरच ठेवली. टाळ्या खूप. नंतर विंगेत एक बाई आल्या, म्हणाल्या, छान केलंत, पण मी परत गेले होते, माझं काय? मला उत्तर सुचलं नाही. तेव्हा समोर बसलेल्या मुलींना ते उघडं दार दिसायलाच हवं होतं असं मी वर्षानुवर्षं सांगत आले, अजूनही थोडं वाटतं, सगळंच चूक नव्हतं ते. पण त्या बाई नाटकातून मीच पुसल्या. म्हणून म्हणते, शेवटाला हात लावू नकोस.

जज्ज बोलून झाल्यावर हेलनचा चेहरा काय करतो ते शोध, तिथे घाई नको. आणि जीनला तू 'साइड ट्रॅक' म्हणालीस ते मला अजिबात आवडलेलं नाही. तिचे सीन आधी बसव. रविवारी तालमीला येते.

तुझी ताई